छोट्या होडीला पेट्रोलचं आउटबोर्ड घ्यावं की डिझेलचं इनबोर्ड?

नारळी पौर्णिमेआधी इंजिन बदलायचं ठरवलं असेल, तर किंमत आणि हॉर्सपॉवर दुकानदार सांगेलच. मी दोन्ही वापरलीत, म्हणून त्यापलीकडचं सांगतो.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेर बसवलेलं इंजिन. ते हलकं, आणि पंखा वर उचलता येतो. ओहोटीला गाळातून जायचं किंवा होडी रोज वाळूवर ओढायची असेल, तर बहुधा तेच बरं. डिझेलचं इनबोर्ड होडीच्या आत बसतं, म्हणून शाफ्टसाठी, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यासाठी, तळाला भोक पाडावं लागतं आणि तिथून पाणी येतंय का, हे रोज बघावं लागतं.

तरी माझं मन डिझेलकडे वळलं ते ठिणगीमुळे. पेट्रोलला ठिणगी लागते आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत तीच दगा देते. प्लगची टोपी काढावी तर आत हिरवा गंज. दोरी ओढत राहावं तर प्लग पेट्रोलने भिजतो. मग तो खोलायचा, पुसायचा, सुकवायचा. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना हे करायची वेळ कोणावर येऊ नये.

डिझेलमध्ये नुसती हवाच 16 ते 20 पट दाबली जाते. ती 500 अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून आलेला फवारा आपोआप पेटतो. अगदी लगेच नव्हे. आधी थेंबांची वाफ होते, ती हवेत मिसळते, मग भडका. थंड इंजिनात हा वेळ लांबतो, तेवढ्यात जास्त डिझेल साठतं आणि एकदम पेटतं. सकाळची टकटक ती हीच. नोझल खराब होऊन फवाऱ्याऐवजी मोठे थेंब पडू लागले, की पांढरा धूर येतो. टाकी रिकामी झाली तर लाइनीत हवा धरते, पण नट सैल करून ती काढता येते.

आगीचं म्हणाल, तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. डिझेल साध्या तापमानाला तशी वाफ धरत नाही, म्हणून रात्री मी निर्धास्त असतो. पण आपोआप पेटायला डिझेलला पेट्रोलपेक्षा कमी उष्णता पुरते. पंपापासून नोझलपर्यंतच्या नळीला बारीक चीर गेली आणि तो फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला, तर आग लागू शकते. म्हणून डिझेल घेतलंत तर एक्झॉस्टला उष्णतारोधक पट्टी गुंडाळून घ्या आणि त्या नळीचे नट दर आठवड्याला हात लावून बघा, अर्थात इंजिन बंद असताना.