एल्को ते सॉल्ट लेक: गाडीतला उपग्रह रेडिओ, चौदा महिन्यांनंतर

वेस्ट वेंडोव्हर मागे टाकून पश्चिमेला लागलं की थोड्याच वेळात एफएम दम सोडतं. स्कॅनचं बटण दाबावं तर आकडे 87.9 पासून 107.9 पर्यंत धावतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मध्येच एखादं प्रवचन पाच-सात सेकंद सापडतं, तेही पुढच्या वळणावर खरखरीत बुडतं. मी नेव्हाडातल्या एल्कोजवळ सोन्याच्या खाणीत भूगर्भतज्ज्ञ आहे आणि नवरा सॉल्ट लेक सिटीत. दर दुसऱ्या शुक्रवारी मी इंटरस्टेट 80 वरून 230 मैल, म्हणजे साधारण 370 किलोमीटर जाते आणि रविवारी परत येते. वाटेत गावं म्हणावीत तर वेल्स आणि वेंडोव्हर. बाकी दोन खिंडी, एक मिठाचं वाळवंट आणि ताशी 80 मैलांची पाटी.

गाडी जुनी घेतली, त्यात उपग्रह रेडिओ आधीपासून होता. विकणाऱ्याने "हा फुकटच आहे" म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली. तीन महिन्यांनी एका शुक्रवारी सिल्व्हर झोन खिंडीचा चढ चढताना गाणी बंद. मग कळलं की फुकट होते ते फक्त चाचणीचे तीन महिने. त्या रात्री उरलेला रस्ता केएसएल 1160 ऐकत गेले. सॉल्ट लेकचं हे एएम केंद्र 50,000 वॉटचं आहे आणि अंधार पडला की फार लांबवर ऐकू येतं. ज्याला फक्त बातम्या आणि माणसाचा आवाज हवा आहे आणि जो रात्रीच गाडी चालवतो, त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. एएम फुकट आहे, तेवढ्यावर भागतं.

मला दिवसाही सोबत हवी होती, म्हणून पैसे भरले.

अमेरिकेत आता ही सेवा एकच आहे, सिरियसएक्सएम. एक्सएम 2001 मध्ये सुरू झाली, सिरियस 2002 मध्ये, आणि 2008 साली दोघी एक झाल्या. त्यामुळे "कोणती सेवा घ्यावी" हा प्रश्न खरं तर "घ्यावी की फोनवर भागवावं" असा आहे. एक्सएमने आपल्या पहिल्या दोन उपग्रहांची नावं 'रॉक' आणि 'रोल' ठेवली होती, हे वाचल्यावर मला त्या लोकांबद्दल उगीच आपुलकी वाटायला लागली.

कुठे ऐकू येतं आणि कुठे नाही, हे समजायला मला दोन-तीन महिने लागले. माझ्या गाडीला ज्या उपग्रहांवरून आवाज येतो ते विषुववृत्ताच्या वर भूस्थिर कक्षेत आहेत, म्हणजे इथून कायम दक्षिणेच्या आकाशात. बॉनव्हिलच्या त्या मिठाच्या वाळवंटात आजूबाजूला झाडही नाही. तिथे एकच झाड आहे, तेही काँक्रीटचं शिल्प. त्या पट्ट्यात चौदा महिन्यांत एकदाही आवाज तुटला नाही. उलट सॉल्ट लेकला लागून असलेल्या लिटल कॉटनवुड घळीत, जिथे रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि दक्षिणेला कडा उभा असतो, तिथे गाणं अडखळत चालतं. एल्कोच्या पश्चिमेला कार्लिनच्या बोगद्यात तर सरळ गप्प.

पण साध्या पुलाखालून जाताना काही होत नाही, याचं आधी नवल वाटायचं. त्याचं कारण छान आहे. दोन उपग्रहांपैकी एकाचा आवाज मुद्दाम सुमारे चार सेकंद मागे ठेवलेला असतो. एक अडला की रेडिओ दुसऱ्यावरून तोच तुकडा भरून काढतो. ताशी 80 मैलांवर चार सेकंदांत गाडी जवळजवळ दीडशे मीटर जाते, एवढा रुंद पूल कोण बांधणार? बोगदा मात्र चार सेकंदांत संपत नाही. शहरात उंच इमारतींमध्ये आवाज टिकावा म्हणून जमिनीवरही प्रक्षेपक आहेत, त्यामुळे सॉल्ट लेकच्या मध्यवस्तीत मला कधी अडचण आली नाही.

एकदा मात्र सलग दोन आठवडे रेडिओ आजाऱ्यासारखा वागला. सगळीकडे तुटायचा, अगदी मिठावरसुद्धा. मी गाडी मोकळ्या मैदानात उभी केली, इंजिन चालू ठेवलं, वेबसाइटवरून रेडिओला नवा सिग्नल पाठवायला लावला. काही नाही. शेवटी नवऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "अगं, टपावर ती पेटी बसवलीस ना सामानाची, ती अँटेनाच्या डोक्यावर आहे." टपावरच्या त्या माशाच्या पाठीवरच्या पंखासारख्या उंचवट्यातून हा रेडिओ आकाश बघतो आणि मी नेमकं त्यावरच झाकण ठेवलं होतं. पेटी एक हात पुढे सरकवली, रेडिओ बरा झाला. हिवाळ्यात त्यावर ओला बर्फ बसतो तेव्हाही तसंच होतं. हातमोज्याने झटकायचा आणि निघायचं.

हे घडलं तेव्हा मला नागपूरचं स्वयंपाकघर आठवलं. ज्यांना वाटतं की उपग्रह रेडिओ ही इकडचीच चैन आहे, त्यांच्यासाठी सांगते: आपल्याकडे वर्ल्डस्पेस होतं. एशियास्टार नावाच्या उपग्रहावरून यायचं, गाडीत नाही, घरात. त्यावर शास्त्रीय गायनाची 'गांधर्व' वाहिनी होती, मराठीची 'सुरभी' होती. अँटेना उपग्रहाकडे तोंड करून ठेवावा लागे आणि नागपूरहून तो दिसायचा आग्नेयेला. वास्तूच्या नियमाने आग्नेयेला आमचं स्वयंपाकघर! त्यामुळे बाबांचा अँटेना खिडकीत, कुकरच्या शेजारी. आईने कुकर ठेवताना तो जरा सरकवला की विलंबित ख्याल समेवर यायच्या आत गायब. मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा थांबली. संच अजून बाबांच्या कपाटावर आहे, वर विणलेला रुमाल.

आता ऐकायला काय मिळतं ते. गाडीत उपग्रहावरून जे येतं त्यात मला मराठी-हिंदी गाण्यांची वाहिनी सापडली नाही. लता आणि किशोर ऐकायचे तर फोनवर आधी उतरवून ठेवते, त्याला इलाज नाही. केवळ आपल्या गाण्यांसाठी कुणी हे घेणार असेल तर घेऊ नका. मी राहिले ती दोन वाहिन्यांमुळे. एक आहे जुन्या अमेरिकन नभोनाट्यांची, बहुतेक 1940 आणि 50 च्या दशकातली. दार करकरतं, पावलं वाजतात, बाई किंचाळते, मध्येच साबणाची जाहिरात. आकाशवाणीच्या श्रुतिका ज्यांनी लहानपणी उशीवर डोकं ठेवून ऐकल्या आहेत त्यांना याचं व्यसन लागेल. पेक्वॉपची खिंड सुमारे 7000 फुटांवर आहे. तिथे तिन्हीसांजेला, बाहेर बर्फ भुरभुरत असताना एक भुताची गोष्ट ऐकली आणि वेल्सला पेट्रोल भरायला उतरताना मी आधी मागची सीट बघितली.

दुसरी आहे ट्रकचालकांची. ते फोन करून बोलतात: डिझेलचे भाव, वजनकाटे, पाठदुखी, कुठे वारा इतका आहे की रिकामा ट्रेलर आडवा होईल. मला त्यातलं निम्मं सुरुवातीला कळत नव्हतं. आता कळतं, आणि ट्रकला वाट द्यायची माझी पद्धतही बदलली आहे. शिवाय कंट्री संगीत. एल्कोत 1985 पासून काऊबॉय कवींचं संमेलन भरतं, तिथे राहून कंट्री न आवडणं म्हणजे पंढरपुरात राहून अभंग न आवडणं. मला वाटलं नव्हतं, पण आवडतं.

आवाजाचा दर्जा बेताचा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. जागा थोडी आणि वाहिन्या शंभराहून जास्त, म्हणून आवाज दाबून बसवावा लागतो. संपूर्ण सेवेला 2320 ते 2345 मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे. झांजा आणि टाळ्या सिसकारल्यासारख्या येतात, बोलक्या वाहिन्यांवर माणूस रांजणातून बोलतोय असं वाटतं. चालत्या गाडीत, टायरच्या आवाजात, मला ते चालतं. नवऱ्याला चालत नाही. तो गाडी उभी असताना गाणी ऐकणाऱ्यांपैकी आहे.

पैशांचं थोडक्यात. प्रत्येक गाडीच्या रेडिओला वेगळी वर्गणी लागते (0 क्रमांकाची वाहिनी लावली की त्या रेडिओचा ओळख क्रमांक पडद्यावर दिसतो, तो लिहून ठेवा). सवलतीचा दर आणि नंतरचा पूर्ण दर यांत मला दुपटीहून जास्त फरक दिसला, आणि संगीताच्या रॉयल्टीचं शुल्क बिलात वेगळं असतं. त्यामुळे वर्गणी घेतानाच मी ती संपण्याची तारीख कालनिर्णयवर लिहिली, दुधाच्या हिशेबाच्या खाली. रद्द करण्याच्या पद्धतीवरून न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबर 2023 मध्ये या कंपनीवर खटला भरला होता आणि पुढच्या वर्षी न्यायालयाचा कौलही त्यांच्या बाजूने लागला. माझं स्वतःचं काम सरळ झालं: नवऱ्याच्या गाडीची वर्गणी चॅटवर बंद केली, चहा संपायच्या आत. तो घर ते ऑफिस बारा मिनिटं जातो, फोनला पूर्ण रेंज. त्याला उपग्रह कशाला?

तुमची गाडी अलीकडची असेल तर त्यात 360एल नावाचा प्रकार आहे का ते बघा. त्यात उपग्रह आणि इंटरनेट दोन्हीकडून आवाज येतो. माझ्या गाडीत तो नाही आणि त्यासाठी गाडी बदलणार नाही. जिथे रेंज आहे तिथे फोन आहेच, मला रेडिओ हवा आहे तो दोन खिंडींच्या मधल्या पट्ट्यासाठी, जिथे माझ्या फोनवर रेषाच उरत नाहीत.

मागच्या रविवारी बाबांना हे सगळं फोनवर सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चालत्या गाडीत अँटेना फिरवतं कोण?" कोणीच नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मागून आईचा आवाज आला, "विचार, कुकर कुठे ठेवते म्हणावं."