खतना प्रथेविषयी शाळांसाठीचे एकदिवसीय प्रशिक्षण (नौपाडा, ठाणे) : एका समुपदेशिकेचा अभिप्राय

मुलींच्या जननांगाचा भाग कापण्याच्या प्रथेविषयी शालेय समुपदेशक आणि परिचारिका यांच्यासाठी एका संस्थेने नौपाड्यातील सभागृहात घेतलेल्या प्रशिक्षणाला मी गेल्या महिन्यात उपस्थित होते. शुल्क जेवणासह ६०० रुपये होते. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि तरीही तिचे काम चालू राहावे असे मला मनापासून वाटते.

मी एकच अपेक्षा घेऊन गेले होते. दुसरीतली एखादी मुलगी सुट्टीनंतर बाकावर बसायला कुरकुरू लागली, लघवीला जायला घाबरू लागली, तर तिच्याशी आणि तिच्या आईशी नेमके कोणत्या शब्दांत बोलायचे, हे मला शिकायचे होते. आपल्या घरांत या अवयवाचा उल्लेख ‘तिथे’ किंवा ‘खाली’ याच्या पुढे जात नाही. ‘शिश्निका’ (क्लिटोरिस) हा शब्द मी स्वतः चाळिशीत, तोही वैद्यकीय पुस्तकात, पहिल्यांदा वाचला. तेव्हा या दिवसाची किंमत मी त्याच मापाने ठरवली आहे.

सकाळचे सत्र जगाच्या आढाव्याचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने केलेले चार प्रकार, युनिसेफचा २०२४ चा अंदाज (३१ देशांत २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया, त्यांपैकी १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत आणि ८ कोटींहून अधिक आशियात), ६ फेब्रुवारीचा या प्रथेविरोधातील आंतरराष्ट्रीय दिवस, २०३० पर्यंत ही प्रथा संपवण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट, हे सारे नीट सांगितले गेले. मात्र त्या ३१ देशांच्या यादीत भारत नाही, ही ठाण्यातल्या श्रोत्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वक्त्यांनी सांगितलीच नाही. पडद्यावरची चित्रेही सोमालिया आणि सुदानमधील तिसऱ्या, म्हणजे योनिद्वार शिवून अरुंद करण्याच्या प्रकाराची होती. भारतात दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम समाजात साधारण सातव्या वर्षी जे केले जाते ते प्रामुख्याने पहिल्या प्रकारातले असते. त्यात शिश्निकेवरचे आवरण किंवा शिश्निकेचा भाग कापला जातो. ‘आमच्याकडे तसले काही नसते, इवलेसे कातडे तर काढतात’ हे उत्तर अनेक घरांत तयारच असते, आणि अशी चित्रे दाखवून आपण ते उत्तर आणखी पक्के करतो. वेदना, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग इवल्याशा कापण्यानेही होऊ शकतात, आणि आरोग्याला फायदा कोणत्याच प्रकाराने होत नाही, हे ठासून सांगायला हवे होते. डॉक्टरने स्वच्छ खोलीत केले तर चालेल का, या प्रश्नाला मात्र जागतिक आरोग्य संघटनेचा अशा वैद्यकीकरणालाही विरोध आहे, असे स्पष्ट उत्तर मिळाले.

भारताविषयीचा भाग तुलनेने प्रामाणिक होता. मुंबईच्या आयआयटीतील रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये ‘मानुषी’ या स्त्रीविषयक नियतकालिकात या विषयावर लिहिले होते, तेथून सुरुवात झाली. या प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या ‘सहियो’ संस्थेने ३८५ बोहरा स्त्रियांकडून ऑनलाइन भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले होते, हा आकडा देताना प्रशिक्षिकेने तो संपूर्ण समाजाला लावता येत नाही, अशी पुस्तीही जोडली. आकडे फेकण्याच्या आजच्या काळात एवढा संयम दुर्मीळच.

कायद्याच्या तासाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. या प्रथेवर बंदी मागणारी २०१७ ची सर्वोच्च न्यायालयातील याचिका, या प्रथेविषयी अधिकृत आकडेवारी नाही हे त्याच वर्षी केंद्र सरकारने दिलेले उत्तर, २०१८ मध्ये ॲटर्नी जनरलांनी ही कृती प्रचलित कायद्यांनुसार गुन्हाच ठरते असे न्यायालयात सांगणे, मग पाच न्यायाधीशांचे पीठ आणि २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातील स्त्रीप्रवेशाच्या प्रकरणाबरोबर नऊ न्यायाधीशांकडे गेलेले प्रश्न, हा इतिहास वकील महोदयांनी सफाईने मांडला. पण पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवण्याचे बंधन माझ्यावर येते. अशा वेळी आरोपी त्या मुलीची आई किंवा आजी असणार, मग कळवल्यानंतर त्या मुलीचे घरात काय होईल, हे मी विचारले तेव्हा ‘कायदा स्पष्ट आहे’ असे म्हणून ते पुढच्या स्लाइडकडे वळले. कायदा स्पष्ट असेलही. माझा प्रश्न त्या मुलीबद्दल होता.

दुपारच्या जेवणात पुरी-भाजी होती आणि ती बरी होती.

जेवणानंतरच्या दोन तासांनी मात्र पूर्ण शुल्क वसूल झाले. प्रशिक्षिकेने आम्हाला जोड्यांनी बसवून संभाषणे करायला लावली. मी मुलीची भूमिका करणाऱ्या परिचारिकेला ‘तुझ्याबरोबर काय झालं?’ असे विचारताच प्रशिक्षिकेने मला थांबवले. असा प्रश्न मुलीवर कबुलीजबाबाचे ओझे टाकतो. त्याऐवजी ‘चालताना दुखतं का? शू करताना जळजळतं का?’ असे शरीरापासून सुरू करावे, आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ हे वाक्य लवकरात लवकर यावे, असे त्यांनी सुचवले. आईशी बोलताना ‘रानटी’ आणि ‘अघोरी’ हे शब्द वर्ज्य. स्वतः बोहरा असलेल्या एक शिक्षिका तेव्हा शांतपणे म्हणाल्या, ‘आजी वैरीण नसते हो. तिला वाटतं, ती नातीचं भलंच करतेय.’ प्रशिक्षिकेने हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि त्यानंतरची सगळी संभाषणे त्यावरच बेतली. सेनेगलमधील ‘तोस्तान’ या संस्थेचा दाखला येथे चपखल बसला: मलिकुंडा बंबारा गावच्या बायकांनी १९९७ मध्ये प्रथा सोडल्याचे जाहीर केले, ते निषेधाची भाषणे ऐकून नव्हे, तर आरोग्य आणि हक्कांविषयीच्या वर्गांत दीर्घकाळ आपसांत बोलून. एकट्या घराने सोडले तर मुलीचे लग्न अडते, म्हणून निर्णय सर्वांनी मिळून आणि उघडपणे घ्यावा लागतो. केवळ बंदीने भागत नाही याचे उदाहरण म्हणून गाम्बियाही आले. तेथे २०१५ ची बंदी उठवण्याचे विधेयक संसदेपर्यंत पोहोचले आणि जुलै २०२४ मध्ये फेटाळले गेले.

शेवटी हाती पडलेली मराठी पुस्तिका या दुपारशी विसंगत होती. ती उघडच भाषांतरित आहे. सर्वत्र ‘योनी’ हाच शब्द वापरल्याने नेमका कोणता भाग कापला जातो तेच कळत नाही, आणि सात वर्षांच्या मुलीला ‘आपण सध्या सुरक्षित अवकाशात आहात’ असे कुणी सांगितले तर ती त्या अवकाशातून पळ काढेल, याविषयी मला शंका नाही. आयोजकांना मी हे सविस्तर कळवले आहे. संवादांची पाने उपस्थित परिचारिकांकडून नव्याने लिहून घेऊ, असे त्यांचे उत्तर आले.

पुढची तुकडी वाशीला होणार आहे. शाळेतून पूर्ण दिवसाची रजा मिळत नसेल तर सकाळचे सत्र बुडाले तरी चालेल, पण दुपारी दोनच्या आत मात्र पोहोचावे.