जुना ट्रॅक्टर घेताना ‘वाहन’ पोर्टल कितपत कामाला येतं?

इसार देण्याआधी ट्रॅक्टर नेमका कोणाच्या नावावर आहे हे बघायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचं ‘वाहन’ पोर्टल आणि ‘एमपरिवहन’ ॲप. माहिती बघायला पैसे पडत नाहीत. मत आधीच सांगून टाकतो: गडबडीचा ट्रॅक्टर बाजूला काढायला एकदम चांगलं, पण नुसत्या त्याच्या भरवशावर व्यवहार करण्याइतकं नाही.

लॉगिन करून नंबर टाकला की आरटीओ, नोंदणीची तारीख, कंपनी, मॉडेल, विमा आणि नोंदणीची मुदत, कर्जाची नोंद, आरसी चालू आहे की नाही, एवढं दिसतं. मालकाचं नाव फुल्या मारून अर्धवट येतं, त्यामुळे विकणाऱ्याच्या आधारशी अक्षरं जुळवावी लागतात. वाहनाचा वर्ग कृषी ट्रॅक्टरच आहे ना, हेही बघा. कृषी ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपली असेल तर ते काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या. नाहीतर तपासणी आणि दंड दोन्ही तुमच्या गळ्यात.

या पोर्टलचा खरा उपयोग मात्र माहितीच्या पानावर नाही, ऑनलाइन सेवांच्या पानावर आहे. तिथे नंबरासोबत चेसिस नंबरचे शेवटचे ५ आकडे मागतात. हे आकडे आरसी बुकातून बघून टाकू नका. ट्रॅक्टरवर पंच केलेला नंबर शोधा (जागा मॉडेलप्रमाणे बदलते), ऑइल-माती पुसा, कागद धरून पेन्सिल घासा आणि त्या छापावरून आकडे टाका. पोर्टलने घेतले नाहीत तर हेड (म्हणजे ट्रॉलीशिवायचा ट्रॅक्टर) एकाचं आणि कागद दुसऱ्याचे असण्याची शंका घ्यायला जागा आहे. आकडे जुळले की ओटीपी नोंदणीतल्या मोबाइलवर जातो. तो समोर बसलेल्या विकणाऱ्याच्याच फोनवर आला तर निम्मं काम झालं. एजंटच्या फोनवर गेला तर लगेच चोरीचा संशय घेऊ नका. नोंदणीच्या वेळी स्वतःचाच नंबर टाकणारे एजंट कमी नाहीत. पण मोबाइल नंबर दुरुस्त होईपर्यंत पैसे देऊ नका.

इंजिनाचा नंबरही असाच ताडून बघा. ब्लॉक फुटला म्हणून दुसरं इंजिन बसवलं आणि आरटीओत नोंदच केली नाही, हे जुन्या ट्रॅक्टरांत नेहमीचं. पोर्टल जुनाच नंबर दाखवत राहतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कर्जात. बोजा दिसतोय आणि विकणारा म्हणतो ‘कर्ज कधीच फिटलं’, तर बँकेचं बेबाकी प्रमाणपत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) दोन प्रतींत हवा. बँकेच्या एनओसीची मुदत साधारण तीन महिने धरतात. दोन वर्षांपूर्वीचं पत्र दाखवलं तर नवीन आणायला सांगा. कर्ज बाकी असेल तर तुमच्या पैशातली तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. तिसरी गत अशी: बोजा दिसत नाही, पण ऊस वाहतुकीसाठी कारखान्याकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) अंगावर असते. वाहतूक करारात ट्रॅक्टरचा नंबर लिहिलेला असतो, आणि ते ‘वाहन’वर कुठेच दिसत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागात नंबर सांगून विचारलेलं बरं.

चोरीच्या बाबतीत पोर्टलवर विसंबू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वाहन-एनओसीची ऑनलाइन सेवा वेगळी आहे. नोंदणी, चेसिस आणि इंजिन नंबर देऊन तो दाखला काढा आणि फाइलला लावा.

नाव बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, दोघांची ओळखपत्रं आणि चेसिसचा पेन्सिल छाप. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. बाँडवर नोटरी केलेला करार हा पैसे दिल्याचा पुरावा. आरटीओच्या नोंदीत त्याने नाव बदलत नाही. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदीतला मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून जाणता विकणाराच नाव बदलायची घाई करतो. ‘नाव नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे जरा निरखून बघा.

मालक वारलेला असेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. थोरल्याच्या नावावरचा ट्रॅक्टर धाकटा चालवतो, म्हणून त्याला विकता येत नाही. उदगीर-देगलूर पट्ट्यात कर्नाटक, तेलंगणाचे ट्रॅक्टर स्वस्तात येतात. त्यांना मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते, शिवाय इथली नोंदणी आणि कर. हा खर्च भावातून वजा करूनच बोला.

ट्रॉली हे वेगळं वाहन आहे, तिची आरसी वेगळी. गावठी बनावटीच्या कित्येक ट्रॉल्यांना ती नसतेच. मग ‘हेड-ट्रॉली मिळून’ अशा एकाच पावतीवर भरवसा ठेवू नका. रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र यांच्याबाबत ‘वाहन’ काहीच सांगत नाही, कारण त्यांची आरटीओत नोंदच नसते. तिथे मालकीचा पुरावा म्हणजे पहिल्या मालकाच्या नावचं जीएसटी बिल, आणि त्यावरचा अनुक्रमांक यंत्राच्या पाटीशी जुळला पाहिजे. पाटी उखडलेली, रिबिटांची भोकं ताजी, तर यंत्र सोडून द्या. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून अनुदान घेतलेलं यंत्र असेल तर पूर्वसंमतीपत्र मागून विक्रीवरच्या अटी वाचा. घेताना विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि वेगळी सहीची पावती घ्या, पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या.