मिररलेस घेतला, आता आधी काय: बॅटरी, अडॅप्टर की कार्ड?

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) सोडून मिररलेस (बिनआरशाचा) घ्यायचा ठरला की बहुतेकांचं बजेट बॉडी आणि लेन्समध्येच संपतं. उरलेल्या थोड्या पैशांत काय घ्यायचं, हे दुकानाच्या काउंटरवर ठरवू नका. तिथे पिशवी, छोटा ट्रायपॉड आणि कुठलंतरी कार्ड असा संच गळ्यात पडतो. मी निकॉनच्या डी७५० या डीएसएलआरवरून झेड६ टू या मिररलेसवर आले. माझं मत सांगते: पहिला पैसा बॅटरीवर, मग जुन्या चांगल्या लेन्स असतील तर त्या नव्या बॉडीवर बसवणारा अडॅप्टर, आणि महागडं कार्ड सगळ्यात शेवटी.

डी७५० एका चार्जमध्ये १,२३० फोटो काढतो, असं कंपनीचा प्रमाणित आकडा सांगतो. झेड६ टू चा तसाच आकडा व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघितलं तर, फक्त ३४०. आरसा गेला, त्यामुळे फोटो टिपणारा सेन्सर आणि डोळ्याजवळचा छोटा पडदा सतत चालू. नुसतं बघत उभं राहिलं तरी बॅटरी उतरते. धडाधड फोटो काढले तर ३४० पेक्षा बरेच जास्त निघतात; खरं नुकसान वाट बघण्यात होतं.

म्हणून दुसरी बॅटरी हवीच. ओरिजिनल की लोकल? लोकल बॅटरी निम्म्याहून कमी किमतीत मिळते, मीही तीच घेतली होती. माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढत होते. रथाला जास्तीच्या बैलजोड्या जुंपलेल्या, वळणावर टाळांचा आवाज वाढत चाललेला. बॅटरी अर्धी दाखवत होती. रथ वळणावर आला आणि पडदा काळा झाला. बॅटरी बदलेपर्यंत रथ पुढे गेला होता. लोकल बॅटरी घ्याच, पण तिसरी म्हणून. दुसरी ओरिजिनलच असू द्या.

जुनी बॅटरी फेकू नका. डी७५० ची बॅटरी झेड६ टू मध्ये बसते आणि चालते, पण केबल लावून कॅमेऱ्यातच चार्ज होत नाही, म्हणून जुना चार्जर जपून ठेवा. कॅननच्या आर६ या मिररलेसमध्ये जुन्या एलपी-ई६ बॅटरीचं तसंच आहे; एलपी-ई६एन मात्र कॅमेऱ्यात चार्ज होते.

पॉवर बँकेवर कॅमेरा चालतो, पण ती पीडीवाली (यूएसबी पॉवर डिलिव्हरीची) लागते. मोबाइलची साधी पॉवर बँक बहुतेक वेळा पुरी पडत नाही. टाइमलॅप्सला, मुक्कामाला उत्तम. गर्दीत चालताना ती लोंबती केबल नकोशी होते.

अडॅप्टरच्या बाबतीत कॅननवाले सुखी. डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स मिररलेस आर बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. अडॅप्टर म्हणजे २४ मिलिमीटरची पोकळ नळी, आत काच नाही, त्यामुळे फोटोच्या दर्जाला धक्का नाही. त्यावर सेटिंग बदलायची रिंग असलेला प्रकारही मिळतो, पण साधा घेतला तरी भागतं.

निकॉनवाल्यांनी मात्र आधी कपाट उघडून लेन्सवरची अक्षरं वाचावीत. एएफ-एस असेल (म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच) तर एफटीझेड हा निकॉनचा अडॅप्टर खुशाल घ्या. पण आपल्याकडे घरोघरी असलेली ५० एमएम १.८ डी त्यावर ऑटोफोकस करत नाही, कारण एफटीझेडमध्ये फोकसची मोटर नाही, आणि एफटीझेड टू मध्येही नाही. लेन्सची रिंग हाताने फिरवून फोकस करायचा. माझी ती लाडकी लेन्स आता शांत बसलेल्या माणसांच्या फोटोंपुरती उरली आहे. आणि तुमच्याकडे जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ किट लेन्स एवढीच असेल, तर अडॅप्टर सोडा. तेच पैसे नव्या किट लेन्सकडे वळवा.

कार्डाला एवढं घाबरायचं कारण नाही. ‘फोर-के व्हिडिओ आहे, व्ही९० घ्या’ असं ऐकायला मिळतं; व्ही पुढचा आकडा म्हणजे कार्डाचा सेकंदाला किमान लिहिण्याचा वेग, मेगाबाइटमध्ये. झेड६ टू चा ३० फ्रेमपर्यंतचा फोर-के सेकंदाला १४४ मेगाबिट, म्हणजे १८ मेगाबाइट लिहितो. व्ही३० कार्ड किमान ३० मेगाबाइटची हमी देतं. झालं की! जलद कार्डाचा उपयोग सलग फोटोंच्या माऱ्यात होतो: बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, लवकर रिकामा होतो. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपणार असाल तर यूएचएस-टू घ्या, कार्डाच्या पाठीवर पिनांची दुसरी रांग असते ते. बारशाला-लग्नाला चांगलं व्ही३० पुरतं, आणि एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम बरी.

फ्लॅश, ट्रायपॉड, पावसाचं कव्हर जुनंच वापरा.

एक स्वस्त वस्तू मात्र पहिल्याच दिवशी घ्या: रबरी ब्लोअर. आर६ बंद केला की शटर सेन्सरवर पडदा धरतो. झेड६ टू धरत नाही. घाटात लेन्स बदलली की सेन्सर थेट धुळीसमोर. नंतर प्रत्येक फोटोतल्या आभाळात त्याच जागी तोच करडा ठिपका. बॉडी तोंड खाली करून धरा आणि ब्लोअर दाबा. तोंडाने फुंकर कधीच मारू नका. थुंकीचा बारीक थेंब धुळीपेक्षा चिवट असतो.