परसात पेव लावावा की सोनटक्का?

सोनटक्क्याचं एक पान चुरगळून हुंगा. आल्याचा ओळखीचा, किंचित तिखट वास येतो. आता पेवाचं पान तसंच चुरगळा. नुसता ओल्या पाल्याचा वास, बाकी काही नाही. नर्सरीत हे दोघं 'जिंजर' म्हणून शेजारीशेजारी उभे असतात आणि आपल्याकडे जागा एकाच वाफ्याची असते. अशा वेळी मी आधी हे पान चुरगळायला सांगते, कारण दोघांमधला खरा फरक तिथूनच कळायला लागतो.

सोनटक्का आल्याच्या कुळातला, म्हणजे आलं, हळद, वेलची यांचा सख्खा. पेव हा चुलत. पूर्वी त्यालाही याच कुळात धरत. १९४१ साली नाकाई या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या गोताचं कॉस्टेसी हे वेगळं कुळ मांडलं. वासाचं तेल नसणं हे त्या वेगळेपणाचं एक लक्षण, पण डोळ्यांना सुखावणारं लक्षण खोडावर दिसतं. सोनटक्क्याची पानं खोडाच्या दोन बाजूंना, समोरासमोरच्या दोन ओळींत. पेवाची पानं एकेक करून खोडाभोवती वळत वर जातात, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी. खोडही त्यांच्यासोबत पीळ घेतं. भर श्रावणात पेवाच्या बुंध्याशी बसून वर पाहिलं, तर तो हिरवा जिना बघता बघता मान दुखायला लागते.

फुलातही तसंच आहे. दोन्हीकडे आपण ज्याला मोठी पाकळी समजतो ती पाकळी नसतेच, ते रूप बदललेले पुंकेसर असतात. सोनटक्क्यात असे दोन पुंकेसर जुळतात, पेवात पाच. म्हणून पेवाचं फूल पांढऱ्या क्रेप कागदाच्या, चुणीदार कडेच्या कर्ण्यासारखं दिसतं, घशाशी पिवळी छटा असलेलं. खरं काम करणारा पुंकेसर मात्र दोघांतही एकच.

या दोघांना शास्त्रीय नाव देणारा माणूसही एकच आणि वर्षही एकच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य योहान कोनिग तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला होता. त्याने केलेली दोघांची वर्णनं १७८३ साली छापली गेली. सोनटक्क्याला त्याने दिलेलं 'हेडिकियम कोरोनॅरियम' हे नाव आजही टिकून आहे. हेडिकियम म्हणजे गोड बर्फ, आणि संध्याकाळी उमललेला सोनटक्का ज्याने पाहिलाय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. पेवाच्या नावाची मात्र फरफट झाली. १७९१ मध्ये स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'कॉस्टस'मध्ये नेलं, २००६ मध्ये तो 'चेलोकॉस्टस' झाला आणि आता 'हेलेनिया स्पेसिओसा' हे नाव मान्य आहे. विकत घेताना पाटीवर यातलं कोणतंही नाव असलं तरी चालेल, पुढे 'स्पेसिओसस' किंवा 'स्पेसिओसा' तेवढं बघा. 'इन्सुलिन प्लांट' म्हणून मिळतं ते पेवाच्याच कुळातलं, पण दक्षिण अमेरिकेतलं ठेंगणं, नारिंगी फुलांचं झुडूप. मधुमेहावर म्हणून पेवाची पानं चघळणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. पेवाच्या कंदात डायोसजेनिन असतं, ज्यापासून स्टेरॉइड संप्रेरकं बनवता येतात. असं झाड स्वतःच्या मनाने पोटात घ्यायचं नसतं.

आता लावायचं काय, ते पाण्यावर ठरवा. सोनटक्क्याला बारमाही ओल लागते. जुन्या घरांत तो मोरीचं पाणी जातं तिथे, अळू-कर्दळीच्या संगतीने का लावत, ते यावरून कळेल. ही मूळ पूर्व हिमालयाकडची वनस्पती, आपल्या कोरड्या उन्हाळ्याला सरावलेली नाही. देशावर, एप्रिलात टँकर मागवावा लागतो अशा ठिकाणी तिचा हट्ट धरू नये. पानांच्या कडा करपतात आणि फुलायच्या वेळी झाड दमलेलं असतं.

पेव इथलाच. आंबोली, ताम्हिणी, कोकणातले रस्त्याकडेचे ओहोळ, जिथे बघाल तिथे पावसात उभा. कोरड्या दिवसांत पानं टाकून जमिनीखाली निजतो आणि पहिल्या पावसांबरोबर कोंब काढतो. पुरुषभर किंवा त्याहून उंच होतो, त्यामुळे गॅलरीतल्या कुंडीला झेपत नाही. झाडाखालची अर्धी सावली त्याला मानवते. फूल दिवसभराचंच, पण लाल छदांचा, म्हणजे फुलांखालच्या पानांसारख्या आवरणांचा, कणसासारखा तुरा फुलं गळल्यावरही कितीतरी दिवस तसाच राहतो. त्या छदांवर मधाचे थेंब येतात आणि मुंग्यांची सतत ये-जा चाललेली असते. त्यांना औषध मारू नका, त्या झाडाचं काही बिघडवत नाहीत.

गंध मात्र पेवाला नाही, आणि ही उणीव मोठी आहे. सोनटक्का तिन्हीसांजेला उमलतो तेव्हा सगळं अंगण बदलतं. लांब सोंडेचे निशाचर पतंग त्याच्यासाठीच येतात. वेणीत माळायला, देवाला वाहायला, शेजारच्या काकूंना ओंजळभर द्यायला दुसरं असं फूल नाही. पानं गुंडाळून आत बसलेली अळी दिसली तर ती बहुधा ग्रास डेमन फुलपाखराची असेल. दोन-चार पानं तिला द्यावीत.

माझा कौल असा: पाणी असेल आणि रोज जायच्या-यायच्या वाटेवर जागा असेल तर सोनटक्का. पाणी बेताचं असेल आणि परसात मोठ्या झाडाची सावली असेल तर निःशंक पेव. ओढ्याकाठी घर असेल तर सोनटक्क्याचे उपटलेले कंद ओढ्यात फेकू नका. हवाई आणि ब्राझीलमध्ये तो असाच ओल्या जागा व्यापून बसला आहे. आणि पेव आवडला म्हणून जंगलातून खणून आणू नका. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून वीतभर खोड मागून घ्या, ओल्या मातीत आडवं पुरा, पेऱ्यांवरून कोंब येतात.

फक्त जागेवर एक काठी रोवून ठेवा. फाल्गुनात तिथे काहीच दिसत नाही, आणि रिकामी जागा समजून कुणीतरी तिथेच मिरचीसाठी कुदळ मारतं.