पाचवं लागलंय की पाच पूर्ण? मुलांच्या वयाच्या पुराव्यांचा दहा महिन्यांचा अनुभव

काय वापरलं: लेकीचं निळं बाल आधार (प्लास्टिकचं कार्ड), त्याचीच मोबाईलमधली पीडीएफ, आणि दोन्ही मुलांचे जन्मदाखले. किती दिवस: फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५. कुठे: एसटी, रेल्वे, एकदा विमान, एकदा अम्युझमेंट पार्क.

आधी मुलांबद्दल सांगते, कारण सगळी गोची तिथूनच सुरू होते. इरा डिसेंबर २०२० ची, अबीर फेब्रुवारी २०२४ चा. दोघंही बापावर गेलेत, अंगानं उंच. इरा तीन वर्षांची होती तेव्हाच सोसायटीतल्या काकू विचारायच्या, "पहिलीत गेली का गं?" त्यामुळे ज्यांची मुलं वयाएवढीच दिसतात त्यांना माझा हा सगळा खटाटोप फुकटचा वाटेल. वाटू दे.

सुरुवात झाली स्वारगेट-सातारा एसटीत. मी, सासूबाई आणि इरा. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, म्हणजे पंचाहत्तरीपुढच्यांच्या सवलतीत त्यांचा प्रवास फुकट. मला बायकांचं अर्धं तिकीट. इराला पाच पूर्ण नाहीत, म्हणून तिचंही फुकट. तिघींचं मिळून अर्धं तिकीट, असा हिशेब करून मी खिडकीजवळ बसले होते. कंडक्टर आले, "आजी, आधार." आईंचं कार्ड त्यांनी हात लांब करून नीट वाचलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. मग इराकडे बघून, "हिचं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "पाचवं लागलंय हो तिला."

झालं! कंडक्टरचं बोट मशीनवर गेलंच.

आता आपल्या घरांमधला हा हिशेब आपल्याला नवा नाही. पाचवं लागलं म्हणजे चार पूर्ण झाली, पाचवं चालू आहे. पण निम्म्या लोकांना ते 'पाच झाली' असंच ऐकू येतं, आणि आईंना तर चालू वर्षच खरं वय वाटतं. मी घाईघाईनं निळं कार्ड काढलं. त्यावर तीन महिन्यांचं टकलू बाळ, आणि समोर सीटवर उभी दोन शेंड्यांची घोडी. "हीच का ही?" म्हटलं, हीच. त्यांनी जन्मतारीख वाचली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "डिसेंबरपर्यंत बसू दे. त्यानंतर अर्धं काढायचं, ताई." त्या दिवसापासून कार्ड माझ्या पर्समध्ये कायमचं गेलं.

हे कार्ड कसं आलं ते थोडक्यात. बाल आधार पाच वर्षांखालच्या मुलांचं. आमचं पोस्टात काढलं, पैसे लागले नाहीत. बोटांचे ठसे नाहीत, डोळ्यांचं स्कॅन नाही. बाळाचा फोटो, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचं आधार, एवढ्यावर काम होतं. पोस्टानं आलेला कागद इरानंच चघळला, म्हणून मग ऑनलाइन तेव्हाचे पन्नास रुपये भरून प्लास्टिकचं मागवलं. हे पन्नास रुपये या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला खर्च. पाण्याच्या बाटलीनं अख्खी पर्स भिजवली तरी कार्ड आहे तसंच आहे.

पीडीएफला मात्र माझ्याकडून पाचपैकी दोन. मे महिन्यात दादरहून जनशताब्दीनं रत्नागिरीला निघालो. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, मात्र वेगळी जागाही मिळत नाही. तिकीट काढताना तसं मूल बरोबर असल्याची नोंद करता येते, ती केली होती. टीसी आले, त्यांनी इराला वरून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पुरावा?" कार्ड होतं वरच्या रॅकवरच्या बॅगेत, आणि बॅगेवर होतं शेजारच्यांचं आंब्यांचं रिकामं खोकं. म्हटलं मोबाईलवर दाखवू. आधारचं अ‍ॅप गोल गोल फिरत राहिलं, कारण कोकण रेल्वेवर दर दहा मिनिटांनी बोगदा. मग आठवलं की पीडीएफ उतरवून ठेवली आहे, तिला नेट लागत नाही. तिला पासवर्ड लागतो.

पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष. इराच्या नावात इंग्रजीत अक्षरंच तीन. तीन टाकून पाहिली, उघडेना. मोकळी जागा सोडून पाहिली, उघडेना. टीसी पुढच्या रांगेतली तिकिटं तपासून परत आले. शेवटी नवऱ्याला सुचलं की चौथं अक्षर वडिलांच्या नावाचं पहिलं घ्यायचं, मध्ये जागा न सोडता. उघडली. तोवर रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला होता आणि टीसींनी ती तारीख माझ्या मोबाईलच्या उजेडात वाचली. लहान नावाच्या मुलांच्या आईबापांनी हे घरूनच करून बघावं.

परतीच्या प्रवासात निवांत वेळ होता म्हणून कार्डाबरोबरचं सगळं बारीक अक्षरातलं वाचून काढलं. आताच्या आधारवर साफ छापलेलं असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा नाही. म्हणजे ज्या कार्डावरची तारीख कंडक्टर वाचतो, टीसी वाचतो, ते कार्ड स्वतःच म्हणतंय की तारखेसाठी माझ्याकडे बघू नका! व्यवहारात मला कुणी अडवलं नाही. पण जिथं खरोखर कागदावर काम अडतं तिथं जन्मदाखलाच लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा बदललेला कायदा लागू झालाय. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला जन्मदाखलाच ग्राह्य. म्हणजे आमच्या घरात इरा जुन्या नियमातली आणि अबीर नव्या.

आणि नेमका अबीरचाच दाखला कच्चा निघाला.

ऑगस्टमध्ये पुण्याहून बंगळुरूला विमानानं गेलो. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं. ते फुकट नसतं, ठरावीक शुल्क असतं, पण सीटच्या भाड्यापेक्षा बरंच कमी. त्यासाठी वय सिद्ध करावं लागतं, नाहीतर पूर्ण तिकीट काढायला लावतात. अबीरचं आधार काढायचं राहूनच गेलं होतं (दुसऱ्या मुलाचं सगळंच राहतं). म्हटलं जन्मदाखला आहे ना, राजासारखा कागद. काउंटरवरच्या मुलीनं तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मॅम, यात बाळाचं नाव कुठे आहे?"

नाव नव्हतंच. हॉस्पिटलनं वेळेत नोंदणी केली होती, पण तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून नावाचा रकाना कोरा. नंतर नाव चढवून घ्यायचं आम्ही दीड वर्षं विसरलो. तिकिटावर अबीर, दाखल्यावर कुणीच नाही. चूक शंभर टक्के आमची. तिनं साहेबांना बोलावलं, त्यांनी आईवडिलांची नावं आमच्या आधारशी ताडून पाहिली, लसीकरणाचं कार्ड मागितलं. त्यावर सुदैवानं नाव आणि तारीख दोन्ही होतं. वीस मिनिटांनी सुटलो. तेवढ्यात अबीरनं काउंटरवरचा पेन पळवला होता.

परत आल्यावर पहिलं काम ते केलं. नोंदणीपासून वर्षभरात नाव घालायला काही शुल्क नसतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. घरात तान्हं असेल तर आत्ता उठून दाखला बघा, मग पुढचं वाचा. आणि एक, मूळ दाखल्याला लॅमिनेशन करू नका. प्रती काढा, त्यांना करा. विमानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळली, की जाताना पावणेदोन वर्षांचं असलेलं मूल परतीच्या तारखेला दोन पूर्ण करत असेल तर परतीला त्याची सीट घ्यावी लागते. आमचा अबीर तेव्हा दीड वर्षाचाच, म्हणून आमचं वाचलं.

दिवाळीच्या सुट्टीत पार्क. या वेळी मी जय्यत तयार. प्लास्टिकचं कार्ड, नाव घातलेला नवाकोरा दाखला, लसीकरणाचं कार्ड, सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये. तिकीटखिडकीवर फोल्डर पुढे केलं तर आतल्या माणसानं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, मुलांना पट्टीजवळ उभं करा."

आपल्याकडच्या मोठ्या पार्कांत, इमॅजिका घ्या, वंडरला घ्या, लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. आम्ही गेलो तिथं फुकटची रेघ पावणेतीन फुटांच्या आसपास होती. इराचा प्रश्नच नव्हता, तिचं मुलांचं तिकीट लागणारच. पण अबीर वीस महिन्यांचा! विमानात मांडीवरचं बाळ, दूध अजून बाटलीतून, आणि पट्टीवर त्याचं डोकं रेघेच्या दोन बोटं वर. पहिल्यांदा तो गुडघे वाकवून उभा राहिला, तेव्हा रेघेखाली होता. मला वाटलं जमलं. पण मोजणारी बाई अनुभवी. तिनं त्याच्या बुटांची वेल्क्रो सोडवली, टाचा भिंतीला लावल्या, तोंडानं चिमणीचा आवाज काढला, आणि हा पठ्ठ्या मान वर करून ताठ उभा. डोक्यावर लाकडी पट्टी टेकली. एक बोट वर. बूट काढूनही एक बोट. मुलांचं तिकीट घ्या.

माझी तक्रार इथं आहे. पाळण्यात बसायला उंची बघतात ते मला शंभर टक्के मान्य, कारण अंगावर येणारा तो लोखंडी दांडा बसला पाहिजे आणि तिथं दाखल्याचा काय उपयोग. पण ज्याला आत एकाही मोठ्या पाळण्यात बसू देणार नाहीत त्याच्याकडून केवळ डोकं वर आलं म्हणून पैसे घ्यायचे, हे पटत नाही. वीस महिन्यांच्या पोरानं दिवसभरात काय केलं? बदकांच्या गोल फिरणाऱ्या झोक्यात दोनदा बसला आणि कडेवर झोपला. नवरा म्हणतो, रांगेत प्रत्येकाचे कागद तपासत बसले तर संध्याकाळ होईल, आणि खोटी तारीख सांगणारे काय कमी आहेत. त्याचंही खरं आहे. तरी मी त्या दिवशी तिकिटाच्या पैशांवरून जेवताना दोनदा बोलले.

परदेशात उलटं आहे. नणंद सिंगापूरला असते, पुढच्या वर्षी जायचं म्हणून बघून ठेवलंय. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये चार ते बारा वर्षांना मुलांचं तिकीट, चारच्या आत फुकट. टोकियो डिस्नेलँडमध्ये चार ते अकरा. फ्लोरिडाच्या डिस्नेत तीनच्या आत फुकट, आणि दहा पूर्ण झालं की मूल थेट मोठ्यांत. तिथं निदान पासपोर्ट खिशात असतोच. अजून गेलो नाही, म्हणून त्याला गुण देत नाही.

इराला पाच पूर्ण झाल्यावर आधारला ठसे द्यायला गेलो. पाच ते सातच्या दरम्यान हे फुकट होतं आणि आधार क्रमांक तोच राहतो. आदल्या दिवशी शाळेत मातीकाम झालं होतं, त्यामुळे उजव्या हाताची बोटं उमटेनात. ऑपरेटरनं ओल्या फडक्यानं पुसली, स्वतःच्या हातानं दाबली, तिसऱ्या वेळी आली. नवा फोटो काढला. पावती मिळाली, कार्ड यायचंय.

गेल्या रविवारी पुन्हा सातारा. कंडक्टर दुसरे होते. "हिचं?" मी म्हटलं, अर्धं द्या. आई खिडकीतून मान वळवून म्हणाल्या, "अर्धं का? सहावं लागलंय तिला, पूर्ण नाही का लागत?"