द गन्स ऑफ नॅव्हरोन : तोफांपेक्षा ती थाप लक्षात राहते

रविवारी हा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. १९६१ चा, दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन, लांबी १५८ मिनिटं. एजियन समुद्रातल्या एका बेटावर २००० ब्रिटिश सैनिक अडकलेत. नॅव्हरोनवरच्या दोन अजस्र जर्मन तोफा उडवल्याशिवाय सुटकेची जहाजं तिकडे फिरकूच शकत नाहीत. हाताशी दिवस सहा. नॅव्हरोन काल्पनिक आहे; चित्रीकरण ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरचं.

तोफा उडवायला पाठवलेली छोटी तुकडी भर पावसात, रात्री कडा चढते तो प्रसंग मी श्वास रोखूनच बघतो. सह्याद्रीत कडे चढताना ओल्या खडकावर हात कसा सुटतो ते मला ठाऊक आहे. तिथेच तुकडीचा प्रमुख मेजर फ्रँकलिन पडतो, पाय मोडतो. आमच्याही एका मित्राचा ढाकच्या वाटेवर पाय मोडला होता. स्ट्रेचरवरून उतरवताना आम्ही त्याला सारखं सांगत होतो, "आलंच गाव, अर्धा तास." लागले सहा तास. ती थाप त्याच्या जिवासाठी होती.

त्याच्या जागी प्रमुख झालेला मॅलरी (ग्रेगरी पेक) फ्रँकलिनला थाप मारतो ती वेगळी. मोहीम रद्द झाली, आता समुद्रातून मोठा हल्ला होणार, असं तो त्याला सांगतो. फ्रँकलिन जर्मनांच्या हाती लागेल, सत्य वदवून घेणारं औषध टोचलं की हेच बोलेल, आणि किल्ल्यातले सैनिक किनाऱ्याकडे धावतील, हा हिशोब. जायबंदी मित्राच्या विश्वासाचंच हत्यार! स्फोटकांचा जाणकार मिलर (डेव्हिड निव्हन) हे कळल्यावर भडकतो, तेव्हा मी पूर्ण त्याच्या बाजूने असतो. आणि तरी मॅलरीच्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

तुकडीला येऊन मिळालेली ग्रीक तरुणी ॲना आणि मॅलरी यांची जवळीक मात्र घाईत उरकली आहे, ती पटत नाही.

शेवट सांगत नाही, फक्त एवढंच : मिलरने तोफगोळे वर नेणाऱ्या लिफ्टखाली स्फोटकं लावलीत; लिफ्ट त्यांच्या तारांना टेकली की स्फोट. लिफ्ट खाली येते, तारांच्या थोडी वर थांबते, गोळा घेऊन परत वर जाते. बाहेर जहाजं जवळ येताहेत. लिफ्ट पुन्हा खाली येते, पुन्हा थांबते. तिसऱ्यांदा पाहतानाही मी खुर्चीच्या टोकावर होतो.